छोट्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज पडलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲव्हरेज खरंच पडलंय की नुसतं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

टाकी फुल करून. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबा. वरून गळ्यापर्यंत भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. टाकी पाऊण रिकामी झाली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले आत्ता भरलेलं लिटर, हे तुमचं ॲव्हरेज.

एका टाकीवर मात्र विश्वास ठेवू नका. नोझल थोडं आधी किंवा नंतर बंद होतं, गाडी जरा तिरकी उभी असते. २५ लिटर भरताना एका लिटरचा फरक पडला तर हिशेब तिथेच ४ टक्क्यांनी चुकला. तीन-चार टाक्यांची नोंद ठेवा. शेवटी सगळ्या किलोमीटरची बेरीज करा आणि सगळ्या लिटरच्या बेरजेने भागा. प्रत्येक टाकीचं वेगळं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेणं चुकीचं आहे, कारण प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल सारखं नसतं.

डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून तो काढलेला असतो. आज आणि उद्याची तुलना करायला तो चांगला, पण निर्णय घ्यायचा तो टाकीच्या हिशेबावर.

कंपनीने सांगितलेला आकडा मिळत नाही. गाडीत दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर मिळालेला असतो. वेग ठरलेला, एसी बंद, टायर आणि ब्रेक ठणठणीत, चालवणारा सराईत. रस्त्यावर यातलं एकही नसतं. तुलना करायचीच तर तुमच्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी करा: तोच रस्ता, तोच ऋतू, साधारण तेवढीच माणसं. तो आकडा लिहून ठेवला नसेल तर आजपासून लिहायला लागा. निदानाचं अर्धं काम ती वहीच करते.

किती घट झाली की लक्ष द्यायचं?

चार-पाच टक्के इकडेतिकडे होणं साहजिक आहे. घट सलग काही टाक्या १० टक्क्यांच्या वर राहिली तर कारण शोधा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'लिटरला दोन किलोमीटर कमी' हे वाक्य प्रत्येक गाडीला सारखं लागू होत नाही. २० वरून १८ झालं तर १०० किलोमीटरला ५ लिटरऐवजी साधारण ५.६ लिटर लागतं, म्हणजे ११ टक्के जास्त. पण १२ वरून १० झालं तर ८.३ लिटरऐवजी १० लिटर लागतं, म्हणजे २० टक्के जास्त. घट नेहमी '१०० किलोमीटरला किती लिटर' या मापात मोजा. दोष केवढा मोठा आहे ते त्यातच दिसतं.

शोध कुठून सुरू करायचा?

'काय बदललं?' या प्रश्नापासून. ॲव्हरेज एकदम पडलं की हळूहळू? त्याच्या आधी सर्व्हिसिंग झालं होतं का, टायर बदलले का, कामाची जागा किंवा रस्ता बदलला का, गाडी दुसरं कुणी चालवू लागलं का, थंडी सुरू झाली का? यातलंच एखादं उत्तर फार वेळा खरं कारण असतं.

त्यानंतर कारणांचे तीन कप्पे करा. पहिला, गाडी मोकळी धावत नाही: टायर, ब्रेक, बेअरिंग, अलाइनमेंट. दुसरा, इंजिन जास्त पेट्रोल घेतंय: थर्मोस्टॅट, सेन्सर, प्लग, इंजेक्टर. तिसरा, वापरच बदललाय: छोट्या फेऱ्या, ट्रॅफिक, एसी, वेग, ओझं. बहुतेक लोक थेट दुसऱ्या कप्प्यात हात घालतात आणि पार्ट बदलत सुटतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी तिसरा आणि पहिला कप्पा तपासा. ती तपासणी घरच्या घरी होते.

टायरमधल्या हवेने खरंच फरक पडतो?

पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय हवा कमी झाली तर इंधनाचं नुकसान सुमारे ०.२ टक्के. म्हणजे पाच पीएसआय कमी असेल तर एक टक्का. ॲव्हरेज २० टक्के पडलं असेल तर त्याचा दोष एकट्या हवेवर टाकू नका. तरीही हवा आधी तपासायची, कारण कमी हवेने टायर तापतो, कडेने झिजतो आणि ब्रेक मारताना गाडीचा ताबा बिघडतो.

हवा टायर थंड असताना मोजा. दाराच्या चौकटीवर किंवा टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, आकडा त्यावरचा घ्या. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो, म्हणून थंडी सुरू होताना एकदा जरूर बघा.

टायर बदलल्यापासून ॲव्हरेज कमी दिसतंय. असं का?

दोन कारणं असू शकतात. नव्या टायरची नक्षी खोल असते आणि रबर जास्त वाकतं, त्यामुळे सुरुवातीला तो झिजलेल्या टायरपेक्षा जड फिरतो. दुसरं कारण फसवं आहे. नव्या टायरचा घेर मोठा असेल तर चाक कमी फेऱ्या मारतं आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतं. पेट्रोल तेवढंच जळतं, किलोमीटर कमी मोजले जातात. माप बदललं असेल तर मोबाइलच्या जीपीएसवर ५० किलोमीटरचं अंतर मोजून मीटरशी ताडून बघा.

ब्रेक चिकटतोय हे कसं कळेल?

या प्रश्नाला जास्त जागा देतोय, कारण छोट्या गाडीत हा दोष नेहमीचा आहे आणि तो कोणत्याही स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) दिसत नाही. पॅड डिस्कला किंचित घासत राहिले की इंजिन सतत ब्रेक ओढत चालतं. चालवणाऱ्याला हळूहळू त्याची सवय होते आणि 'गाडी जरा जड झालीय' एवढंच जाणवतं.

पहिली चाचणी: सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात न्यूट्रल करून गाडी सोडा. छोटी गाडी लांबवर अलगद घरंगळत गेली पाहिजे. चटकन मंदावून थांबत असेल तर काहीतरी धरतंय.

दुसरी चाचणी: दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटचा भाग शक्य तेवढा कमी ब्रेक मारून. गाडी उभी केल्यावर प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. पुढची दोन चाकं एकमेकांइतकी गरम असावीत आणि मागची दोन एकमेकांइतकी. पुढची मागच्यांपेक्षा जास्त तापणं हे बरोबरच आहे, मुख्य ब्रेकिंग तीच करतात. पण एकाच एक्सलवरचं एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल, किंवा जळका वास येत असेल, तर दोषी चाक सापडलं. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर आणखी चांगलं.

तिसरी चाचणी जॅकवर. सपाट जागा, बाकीच्या चाकांना अडणी, मग चाक उचलून हाताने फिरवा. पॅडची हलकी खसखस चालेल, पण चाक फिरवायला जोर लागला तर नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

कारणं ठरलेली असतात. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडतात किंवा गंजतात. पिस्टन गंजून मागे सरकत नाही. मागे ड्रम असेल तर हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली असते किंवा आत अडकते. क्वचित ब्रेकचा रबरी होज आतून फुगतो आणि पेडल सोडल्यावरही ऑइलचा दाब परत जात नाही. हा शेवटचा प्रकार भल्याभल्यांना चकवतो: कॅलिपर नवा घालूनही चाक धरतच राहतं.

अलाइनमेंट आणि बेअरिंगचं काय?

टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, बिघडला असेल तर टायर सरळ न लोळता थोडे कडेला घासत जातात. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट करून घ्या. बेअरिंग खराब असेल तर वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर ऐकू येते. ते ॲव्हरेजसाठी नाही, तर सुरक्षिततेसाठी लगेच बदला.

माझं जाणंयेणं दोन-तीन किलोमीटरचंच आहे. त्याने एवढा फरक पडतो का?

खूप पडतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ऑइल जाड असतं, आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, जास्त असतो, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर काही शे अंश तापेपर्यंत पेट्रोल-हवेच्या मिश्रणावर नियंत्रणच नसतं. तुमची फेरी दोन किलोमीटरची असेल तर गाडीचं अख्खं आयुष्य या गरम होण्याच्या काळात जातं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात, की शहरात चालवताना २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंश सेल्सिअसला पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज सुमारे १५ टक्के कमी मिळतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हवा उबदार असेल तर नुकसान कमी, पण दिशा तीच.

म्हणून निदानाआधी एक टाकी लांबच्या रस्त्यावर संपवून बघा. तिथे जुनं ॲव्हरेज मिळालं तर गाडी निरोगी आहे. जमतील तेवढी कामं एकाच फेरीत उरका. उभ्या गाडीत इंजिन गरम करत बसण्याचा उपयोग नाही. अर्ध्या-एका मिनिटात निघा आणि सुरुवातीचे काही किलोमीटर सौम्यपणे चालवा.

थर्मोस्टॅटचा आणि पेट्रोलचा काय संबंध?

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह. इंजिन थंड असताना तो बंद असतो, आणि साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडतो. तो उघडाच अडकला तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आणि कॉम्प्युटर 'अजून थंड आहे' असं समजून जास्त पेट्रोल देत राहतो. गाडी गरम झाली नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही, त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

खुणा अशा: तापमानाचा काटा मधल्या खुणेपर्यंत पोचत नाही, किंवा हायवेवर धावताना खाली येतो आणि ट्रॅफिकमध्ये वर जातो. हीटर कोमट हवा देतो. कॉम्प्युटरने दोषाचा कोड नोंदवलाच तर तो बहुधा पी ०१२८.

अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतो, नुसता निळा-लाल दिवा असतो. तिथे स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ते बाहेरच्या हवेइतकंच दिसलं पाहिजे. बाहेर २८ अंश असताना सेन्सर ५ अंश दाखवत असेल तर थर्मोस्टॅट नाही, सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. परिणाम दोन्हीचा सारखाच, पण बदलायचा पार्ट वेगळा. म्हणूनच अंदाजाने पार्ट बदलू नये.

चेक इंजिनचा दिवा पेटलेला नाही. मग इंजिन ठीक समजायचं?

नाही. दिवा ठरलेली मर्यादा ओलांडल्यावरच पेटतो. त्याच्या अलीकडचं पाहायला स्कॅनरवरचे फ्यूल ट्रिम वाचावे लागतात.

पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे बघून पेट्रोल कमीजास्त करतो. ती दुरुस्ती टक्केवारीत दिसते: क्षणोक्षणी बदलणारा शॉर्ट टर्म ट्रिम आणि शिकून साठवलेला लाँग टर्म ट्रिम. इंजिन गरम असताना दोन्हींची बेरीज शून्याच्या पाच टक्के इकडेतिकडे असेल तर उत्तम. दहाच्या पुढे गेली तर कारण शोधा. उणे आकडा म्हणजे पेट्रोल जास्त येतंय आणि कॉम्प्युटर ते कापतोय: गळका इंजेक्टर, जास्त फ्यूल प्रेशर, टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकणं. अधिक आकडा म्हणजे मिश्रणात हवा जास्त दिसतेय. ती खरंच जास्त असेल किंवा सेन्सरला तसं भासत असेल.

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. ट्रिम शून्याजवळ आहेत, तापमान बरोबर आहे, इंजिन झटके देत नाही आणि तरीही ॲव्हरेज पडलंय, तर मिश्रणाचा नाद सोडा. पुन्हा ब्रेक, टायर, क्लच आणि वापराकडे वळा.

मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलू का?

आधी पुरावा मागा. झिरकोनियाचा साधा सेन्सर गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होतो. तो एका जागी खिळला असेल किंवा रेंगाळत असेल तर तो जुना झालाय, बदला.

पण कित्येकदा सेन्सर खरंच सांगत असतो आणि आपण त्यालाच शिक्षा करतो. एका सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल मिस झाली, तर न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं आणि त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही. सेन्सरला दिसतो फक्त ऑक्सिजन. 'हवा जास्त झाली' असं तो कळवतो आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. म्हणजे नुकसान दुहेरी. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असंच होतं. त्यामुळे मिसिंग आणि एक्झॉस्टची गळती तपासल्याशिवाय सेन्सर बदलू नये.

प्लग बघून काही कळतं का?

बरंच कळतं. चारही काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने मांडा. टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे ठीक. चारही कोरडे काळे असतील तर सगळ्या सिलिंडरना पेट्रोल जास्त जातंय, किंवा गाडी फक्त छोट्या फेऱ्या करतेय. एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर, कॉइल किंवा कॉम्प्रेशन बघा. तेलकट ओला असेल तर इंजिन ऑइल वर येतंय.

एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढेल ना?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत वाढायचं. फ्यूल इंजेक्शनच्या गाडीत जवळजवळ नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं. तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी झाला, ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो. फिल्टर वेळेवर बदला, पण इंजिन जपण्यासाठी.

टाकी भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो. त्याचा संबंध असू शकतो?

वास येत असेल तर बाकी सगळं थांबवा. आधी गळती शोधून घ्या, आणि ती सापडेपर्यंत गाडी बंद जागेत उभी करू नका. ओली गळती नसेल तर पर्ज व्हॉल्व्हवर संशय घ्या. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा हा छोटा व्हॉल्व्ह उघडा अडकला की टाकी भरल्या भरल्या जादा वाफ इंजिनात जाते आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर ही वाफ साठवणारा कोळशाचा डबाही खराब होतो. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळत असण्याची शक्यता आहे. तशा ऑइलवर इंजिन चालवत राहू नका.

क्लच घसरतोय का, कसं बघू?

मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाला एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. पेडलवर पाय ठेवून चालवायची आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर आधी ती सोडा.

एसी, वेग आणि ओझं यांचा हिशेब काय?

छोट्या इंजिनाला एसीचा भार जास्त जाणवतो. अति उष्ण हवेत, छोट्या फेऱ्यांत एसीमुळे ॲव्हरेज २५ टक्क्यांहून जास्तही पडू शकतं. वेगाचं गणित तर सरळ आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो ५६ टक्क्यांनी वाढतो. छतावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी हवा अडवतं, काम नसेल तेव्हा उतरवून ठेवा. डिकीतलं ४५ किलो ओझं साधारण एक टक्का नेतं, हलक्या गाडीत त्याहून थोडं जास्त. आणि उभ्या गाडीत चालू इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळतं, ट्रिप मीटर मात्र जागचा हलत नाही.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं का?

नाही, आणि ते धोक्याचं आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर इंजेक्टर पूर्ण बंद होतात आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतः चालू राहायला पेट्रोल लागतं, शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं.

पेट्रोलच्या प्रकाराने फरक पडतो?

इथेनॉलच्या प्रमाणाने पडतो. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे १० टक्के मिश्रणात ऊर्जा सुमारे ३ टक्के आणि २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के कमी होते. पंपावरचं मिश्रण बदललं असेल तर तेवढी घट हिशेबात धरा, तो गाडीचा दोष नाही. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ज्या इंजिनाला लागतं त्यालाच द्या, इतरांना त्याने ॲव्हरेज वाढत नाही. पाइपवर लावायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या जादुई गोळ्या घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली, बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही.

सर्व्हिसिंगनंतरच ॲव्हरेज पडलं. काय बघू?

बिलावर ऑइलची ग्रेड बघा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असताना जाड ऑइल भरलं असेल तर एक-दोन टक्के जातात. मग हँडब्रेक जास्त ताणलाय का, मागची चाकं मोकळी फिरतात का ते बघा. बॅटरी काढली असेल तर साठवलेले ट्रिम पुसले जातात, ते पुन्हा शिकेपर्यंत थोडं चालवून मग मोजा.

मेकॅनिककडे जाताना काय सांगू?

'ॲव्हरेज देत नाही' एवढंच सांगितलं तर त्याला अंदाजच करावा लागेल. आधीचं आणि आत्ताचं ॲव्हरेज, घट कधीपासून, कोणत्या रस्त्यावर, कोणतं चाक तापतं, काटा कुठपर्यंत जातो, हे लिहून न्या. कूलंटचं तापमान, ट्रिम आणि साठलेले कोड स्कॅनरवर तुमच्यासमोर वाचायला सांगा, आणि कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो घ्या. एका वेळी एकच दुरुस्ती करून घ्या, काढलेला पार्ट परत मागा. त्यानंतर किमान दोन टाक्यांचा हिशेब झाल्याशिवाय पुढच्या पार्टला होकार देऊ नका. ब्रेक, पेट्रोलची गळती आणि मिसिंग याला मात्र अपवाद करा, तिथे थांबायचं नाही. इंजिन झटके देत असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतोय असं समजा आणि गाडी चालवत न नेता टोइंग करून न्या.